जंगलासाठी क्षेत्रसंन्यास

वर्धा जिल्हा म्हटलं की बाहेरच्या लोकांना सेवाग्राम आठवतं, आमचं पवनार आठवतं, फार तर गोरसपाक आठवतो. जंगल कुणालाच आठवत नाही. 'तुमच्याकडे वाघ आहेत?' असं पुण्याची मंडळी अजूनही आश्चर्यानं विचारतात. आहेत हो! पवनारहून सेलू, हिंगणी करत उत्तरेला गेलं की तासा-सव्वा तासात बोरचं जंगल लागतं. २७ नोव्हेंबर १९७० ला ते अभयारण्य झालं, तेव्हा ६१ चौरस किलोमीटर होतं. २०१२ साली शेजारचं जंगल जोडलं गेलं आणि २०१४ मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला, देशातला सत्तेचाळिसावा. क्षेत्र १३८ चौरस किलोमीटर. जाहीर झाला तेव्हा तो देशातला सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्प होता.

आता खरं सांगायचं तर बोर काही कॅलेंडरवर छापावं असं जंगल नाही. साग, ऐन, तेंदू, मोह, बांबू. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत बरं दिसतं, फाल्गुनात पळस फुलला की आठ-पंधरा दिवस डोळ्यांचं पारणं फिटतं. पण एप्रिल-मेमध्ये जाऊन बघा. सागाची पानं गळून पडलेली, खडक तापलेले, नाले कोरडे आणि वर त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन. आमच्या मावशींना एकदा नेलं होतं तर त्या म्हणाल्या, "हे पाहायला पैसे देतात का लोक?" :-)

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे माझ्या भाच्याचा प्रश्न. तो सिअ‍ॅटलला असतो आणि सुटी मिळाली की पाठीवर तंबू घेऊन डोंगरात जातो. त्याच्या घरापासून दोनेक तासांवर 'अल्पाइन लेक्स' नावाचा मोठा डोंगराळ प्रदेश आहे. तो १९७६ पासून कायद्यानं 'वाइल्डरनेस' म्हणून राखलेला. आत रस्ता नाही, हॉटेल नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. तिथल्या सर्वात देखण्या भागात रात्री राहायचं तर परवान्यासाठी सोडत काढतात. वाटेवर झाड पडलं तर वनखात्याची माणसंसुद्धा मोटारीची करवत वापरत नाहीत, दोघांनी दोन्हीकडून ओढायची जुनी करवत वापरतात. भाच्यानं फोटो पाठवले आणि खाली विचारलं, "मामा, आपल्याकडे असं का नाही?"

प्रश्न लहान आहे, पण उत्तर देताना माझी फार ओढाताण झाली. म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे. (ताई, तूही वाच. त्याला एवढं लांबलचक वाचायचा धीर नसेल.)

त्यांचा तो कायदा १९६४ चा. त्याची मूळ कल्पना साधी आहे. देशातली काही जमीन अशी राहू द्यायची की जिथे माणूस पाहुणा म्हणून येईल, मुक्काम ठोकणार नाही. सुरुवात सुमारे ९१ लाख एकरांपासून झाली, आज ती जमीन ११ कोटी एकरांवर गेली आहे. विचार मोठा आहे यात शंका नाही. ज्या देशानं जगात सगळ्यात जास्त मोटारी बनवल्या, त्यानंच 'इथे मोटार नको' असं कायद्यात लिहावं, याचं मला कौतुक वाटतं.

पण या कौतुकाला एक काळी किनार आहे. त्या कायद्याच्या कितीतरी आधी, १८७२ मध्ये, यलोस्टोन हे त्यांचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे काय, योसेमिटीत काय, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळ रहिवासी होते. शिकार करणारे, कंद खणणारे, गवत जाळून रान मोकळं ठेवणारे. त्यांना बाहेर काढलं आणि मग 'पहा, कसं निर्मनुष्य, अस्पर्श रान!' असं म्हटलं. म्हणजे रान आधी रिकामं नव्हतं, रिकामं केलं गेलं.

योगायोग बघा. त्याच १९६४ सालचा आपल्याकडे एक कायदा आहे, महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विनोबा तेरा वर्षं पायी फिरून पवनारच्या आश्रमात परत आले होते. ग्रामदानाची कल्पना अशी की जमिनीची मालकी एकेकट्याची न राहता गावाची व्हावी. एक कायदा म्हणतो की ही जमीन कुणाच्याच उपयोगाची नाही, म्हणून जपा. दुसरा म्हणतो की ही जमीन सगळ्यांच्या उपयोगाची आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून जपा. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी या दोन कायद्यांच्या मध्ये उभा आहे असं मला सारखं वाटत होतं.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला ताटकळावं लागणार नाही. काही जमीन पूर्णपणे सोडून द्यायलाच हवी. माणसाच्या उपयोगासाठी नाही, पर्यटनासाठी नाही, सुंदर दिसते म्हणूनसुद्धा नाही. सुंदर दिसते म्हणून राखायचं ठरवलं तर कास पठार राहील आणि मे महिन्यातलं बोर जाईल. वाघाला, अस्वलाला, रानकुत्र्याला, तणमोराला देखावा लागत नाही. त्यांना लागतं पाणी, भक्ष्य, आडोसा आणि माणसापासून थोडी उसंत. माळरान, काटेरी झुडपं, ओसाड वाटणारी पडीक जमीन यांना सरकारी कागदावर कवडीची किंमत नसते. म्हणून 'निसर्गरम्य' हा शब्द निकष म्हणून मला मान्य नाही. आपल्या डोळ्यांना काय आवडतं यावर दुसऱ्या जिवांची घरं ठरवणं म्हणजे सुनेनं स्वयंपाक कसा करावा हे शेजारणीनं ठरवण्यासारखं आहे.

इथपर्यंत सोपं होतं. पुढचा प्रश्न असा की ही जमीन सोडायची कुणी?

आपल्याकडे कायद्यानं सोय आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. अभयारण्यात परवानगीनं काही हक्क चालू राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात गुरं चारणंसुद्धा बंद. २००६ च्या दुरुस्तीनं व्याघ्र प्रकल्पाचा गाभा 'अबाधित' राखायचा असं ठरलं. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यानं सांगितलं की लोकांना हलवायचं तर ग्रामसभेची संमती हवी, तीही माहिती देऊन, दबाव न आणता घेतलेली. गाव हलणार असेल तर कुटुंबामागे आधी १० लाख रुपये होते, २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. कागदावर हे सगळं चांगलं आहे. बोरच्या जंगलातलं नवरगाव असंच उठून बाहेर गेलं. अशा गावांतले बरेच लोक स्वतःहून जायला तयार असतात हेही सांगायला हवं. शाळा लांब, दवाखाना लांब, पीक रोह्यानं आणि डुकरानं खाल्लेलं. 'जंगलातलं साधं सुखी जीवन' वगैरे गोष्टी आपण शहरात बसून लिहितो, पोरीला रात्री ताप चढला की त्या घरात काय होतं हे आपल्याला माहीत नसतं.

हिंगणीकडे आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत. एकदा बोलता बोलता म्हणाले, "भाऊ, तुमचं अभयारण्य वाघाले अभय देते, अन् आमाले भय देते." मी हसलो, ते नाही हसले. मग म्हणाले, "वाघ रायला त रोही वावरात कमी येते, हे बी खरं हाय. वाघाशी आमचं वैर नाई. पन लाईन रातची येते. रातच्या बारा वाजता मोटार चालू कराले वावरात जा लागते. तवा वाघाले कोन सांगन, का हा मानूस हाय, जनावर नाई?"

या एका वाक्यानं मला जितकं शिकवलं तितकं कुठल्याही अहवालानं शिकवलं नाही. जंगलालगतच्या गावात शेतीला वीज दिवसा दिली तर वाघ आणि माणूस एकमेकांसमोर येण्याचे कितीतरी प्रसंग टळतील. ओलिताची पाळी, रात्रीची जागल, कुंपणात सोडलेला करंट, हे सगळं एकाच साखळीतलं आहे. २०१७ ची गोष्ट वर्ध्याकडच्या वाचकांना आठवत असेल. ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक वाघीण जुलैमध्ये गळ्यात कॉलर घालून बोरमध्ये सोडली. ती बोरला थांबली नाही. अडीच महिन्यांत पाचशे किलोमीटरच्या वर फिरली. या भागात दोन माणसं तिच्या हल्ल्यात गेली. तिला मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं. आणि ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यात एका वावराच्या कुंपणातल्या करंटनं ती मेली. रानडुकरांसाठी लावलेला करंट. दोन घरांतली माणसं गेली, वाघीण गेली, आणि आपण काय केलं तर त्या घटनेच्या बातम्या वाचल्या.

त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर बाजारगावजवळ नागपूर-अमरावती महामार्गावर बोरचा 'बाजीराव' वाघ गाडीखाली गेला. जंगल १३८ चौरस किलोमीटरचं आणि एका नर वाघालाच त्यातला मोठा तुकडा लागतो. तरुण वाघ बाहेर पडणारच. टिपेश्वरच्या एका वाघानं २०१९ मध्ये यवतमाळपासून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत मजल मारली, तीही शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत, एकाही शहाण्या माणसाला नकाशा न विचारता. बोरच्या उत्तरेला हा जुना महामार्ग आणि दक्षिणेला आता समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, २०२५ मध्ये पूर्ण रस्ता खुला झाला. समृद्धीवर प्राण्यांसाठी वरून-खालून जाण्याचे मार्ग ठेवले आहेत. पेंचजवळ महामार्ग ४४ खालून तर वाघ जाताना कॅमेऱ्यात दिसले आहेत. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. पण गाडी ताशी शंभरच्या वर पळवणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं की आपण कुणाच्या अंगणातून जातो आहोत?

सीमा फार लहान आखली तर काय होतं ते बोर सांगतं. फार मोठी आखली तर काय होतं ते सोलापूरकडे बघावं. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, तालुक्याची ठिकाणं आली, लोकांची ओलिताची शेतं आली. जमीन विकायची तर अडचण, विहीर-रस्ता-उद्योग काही करायचं तर परवानगी. एका पक्ष्यापायी आपलं सगळं अडलं असं लोकांना वाटू लागलं. २०१२ मध्ये ते क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणलं. पण तोवर पक्ष्याची बाजू घेणारं माणूस त्या गावांमध्ये उरलं नव्हतं. माळढोक आज तिथे क्वचितच दिसतो. कारणं पुष्कळ आहेत, माळरानं नांगराखाली गेली, पीकपद्धत बदलली. पण नकाशावर रेघ ओढली म्हणजे पक्षी वाचला असं होत नाही, एवढं यातून शिकावं. रेघेच्या आतला माणूस वैरी झाला की ती रेघ काही कामाची राहत नाही.

याच्या उलट टोकाला गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. १८०० हेक्टरांच्या आसपास जंगलावर २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक हक्क मिळाला. बांबू ते विकतात, पण किती तोडायचा ते गाव बसून ठरवतं. पुढे २०१३ मध्ये गावानं ग्रामदानही केलं, म्हणजे विनोबांचं १९६४ चं ते कागदावरचं स्वप्न इतक्या वर्षांनी एका गोंड गावानं खरं करून दाखवलं. मात्र मेंढ्याचं जंगल म्हणजे 'वाइल्डरनेस' नव्हे, ते वापरातलं जंगल आहे. दोन्ही लागतात. सगळीच जंगलं वापरात घेतली तर वाघीण पिल्लं कुठे घालणार? आणि सगळीच बंद केली तर गवळाऊ गाय कुठे चरणार?

गवळाऊचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पांढरी, हाडापेरानं काटक, ही गाय आमच्या वर्धा जिल्ह्याची. आर्वी-कारंजा भागातले नंदा गवळी पिढ्यान्‌पिढ्या ती जंगलात चारत आले. ही जात टिकली ती गोठ्यात ढेप खाऊन नाही, रान तुडवून. जंगल बंद होतं तेव्हा वाघाचा फायदा होतो आणि गवळ्याची गाय विकली जाते. माझा वाघाला विरोध नाही. पण जंगल राखण्याची किंमत कोण मोजतं हे तरी बघाल की नाही? आधी गायकी बाहेर गेला, मग मोहफुलं वेचणारी बाई, मग तेंदूपत्त्यावाले. आणि जिप्सी? ती आत आहे. २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गाभ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत पर्यटनाला मुभा आहे. म्हणजे ज्याचं पोट जंगलावर होतं तो बाहेर, आणि ज्याच्या हातात कॅमेरा आहे तो आत. हा क्रम मला उलटा वाटतो.

इथे मला पवनारची एक गोष्ट आठवते. वीसेक वर्षं देशभर फिरलेल्या विनोबांनी ऑक्टोबर १९७० मध्ये 'क्षेत्रसंन्यास' घेतला. म्हणजे आता हे क्षेत्र सोडून बाहेर जायचं नाही. पुढच्याच महिन्यात बोर अभयारण्य झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, मी ओढूनताणून लावतही नाही. पण शब्द मोठा चांगला आहे. वाइल्डरनेसला मराठीत काय म्हणावं यावर मी पुष्कळ डोकं चालवलं. रान म्हणावं तर पश्चिम महाराष्ट्रात रान म्हणजे शेत. अरण्य म्हणावं तर ऋषिमुनी आठवतात. मग वाटलं, जमिनीला नाव देण्यापेक्षा माणूस काय करतो त्याला नाव द्यावं. माणसानं पृथ्वीच्या एखाद्या तुकड्यापासून घेतलेला क्षेत्रसंन्यास, हाच वाइल्डरनेसचा अर्थ.

आणि संन्यासाची एक अट असते. तो स्वतः घ्यायचा असतो. दुसऱ्याला घ्यायला लावला तर त्याला संन्यास नाही, हद्दपारी म्हणतात.

मग आपल्या बाजूनं सुरुवात करू. आपण म्हणजे शहरातले, गाडीवाले, सुटीत 'नेचर'ला जाणारे. बोरसारख्या जंगलाचा एक भाग असा असावा की जिथे एकही जिप्सी, एकही पाहुणा, मंत्र्यांचा पाहुणासुद्धा जाणार नाही. वनरक्षक आणि वनमजूर पायी गस्त घालतील तेवढंच. त्याच्याभोवती वापराचं जंगल असावं, जिथे चराई, मोहफुलं, तेंदूपत्ता यांचे नियम ग्रामसभा आणि वनखातं मिळून ठरवतील. कडेच्या गावांना शेतीची वीज दिवसा मिळावी. महामार्गावर जनावरांच्या वाटा बांधल्यात तशा राखल्याही जाव्यात, त्यांच्या तोंडाशी ढाबे आणि प्लॉट पडू नयेत. आणि उठलेल्या गावाला पैसे देऊन मोकळं न होता पाच-दहा वर्षांनी त्यांची मुलं कुठे आहेत, काय करतात, हे कुणीतरी जाऊन विचारावं.

'एवढंसं जंगल कुणी न बघता ठेवायचं, मग त्याचा उपयोग काय?' असं आमच्या घरातच विचारलं गेलं. उपयोग आहे, पाणी आहे, माती आहे, बोरच्या धरणात येणारा प्रत्येक थेंब याच डोंगरांवरून येतो. पण समजा यातला एकही उपयोग नसता, तरी मी हेच म्हटलं असतं. देवघरातल्या देवाचा हिशोबी उपयोग काय असतो? तरी घर कितीही लहान असलं तरी एक कोनाडा आपण त्याच्यासाठी सोडतोच. मात्र नुसतं पवित्र म्हणून काही वाचत नाही हेही मी पवनारला राहून जाणतो. गांधीजींच्या अस्थी जिथे विसर्जित झाल्या, त्याच धामच्या खडकांवर सणावाराची गर्दी ओसरल्यावर काय काय पडलेलं असतं ते इथे येऊन पाहावं. श्रद्धेच्या जोडीला नियम लागतो, आणि नियमाच्या जोडीला आपली स्वतःची थोडी माघार.

तर भाचेबुवा, 'आपल्याकडे असं का नाही' याचं माझं उत्तर हे. तुझ्या तिकडच्यासारखं जसंच्या तसं इथे होऊ नये, कारण आपलं रान कधी रिकामं नव्हतं. पण इथलं आपल्या रीतीनं व्हायला हवं, लवकर व्हायला हवं, आणि मागे सरायची पहिली पाळी गवळ्याची नाही, तुझी-माझी आहे.

मंडळी, तुमच्या गावाजवळ असं एखादं न दिसणारं, कॅलेंडरवर न छापलेलं रान असेल तर जरूर लिहा. वाचायला आवडेल.